कागदाला हाड नसतं

आमची पलटण तेव्हा दिल्लीजवळ, अरवलीच्या पायथ्याशी होती. मी कॅप्टन, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला. सकाळी सहाला पीटी, मग ट्रेनिंग, मग फायली. हे पोस्टिंग म्हणजे आराम, असं घरचे समजत.

फॅमिली क्वार्टर्सच्या मागे झुडपांचं रान होतं. तिथलं एक रानडुक्कर सकाळी मुलांच्या बसथांब्यापर्यंत येऊ लागलं. एका शिपायाच्या बायकोची मांडी त्यानं सुळ्यानं फाडली. वनखात्यानं पिंजरा लावला, तो रिकामाच राहिला. शेवटी त्या एका जनावराला मारण्याची लेखी परवानगी आली.

पलटणीचे प्रमुख, सीओ साहेब, यांनी हवालदार गावडेंना बोलावलं. गावडे आजऱ्याकडचे, आमचे स्नायपर इन्स्ट्रक्टर. आमच्या सर्व्हिस रायफलची गोळी कठीण टोकाची. जनावराच्या आरपार जाऊन पुढे निघते, आणि पुढे माणसं राहत होती. म्हणून एका रिटायर्ड कर्नलसाहेबांची लायसन्सची शिकारी रायफल आली. नळीचा बोअर बारीक, टू-फोर-थ्री. कर्नलसाहेबही सोबत आले. गोळ्या दोन प्रकारच्या: ऐंशी ग्रेन वजनाची हलकी, वेगवान, आणि शंभर ग्रेनची जड, मऊ टोकाची.

रेंजवर गावडेंनी कागदी टार्गेटवर दोन्हीच्या तीन-तीन गोळ्या झाडून पाहिल्या. हलकीची तिन्ही छिद्रं एका रुपयाखाली झाकली गेली. जडची चहाच्या पेल्याएवढी पसरली.

"हलकीच घ्या," मी म्हणालो. "ग्रुपिंग बघा ना!"

"शंभर ग्रेन, साहेब."

"का?"

"कागदाला हाड नसतं." मग गालात हसले. "तुम्ही दिल्लीत वाढलात. डुक्कर पुस्तकातच बघितलं असणार."

"अरे कॅप्टन, ये सही बोल रहा है," कर्नलसाहेब म्हणाले.

फौजेत आम्ही ग्रुपिंगची, म्हणजे छिद्रं जवळजवळ पडण्याची, पूजा करतो. गावडेंनी मला समजावलं. रानडुकराच्या खांद्यावर ढालीसारखी जाड कातडी असते, खाली भक्कम हाड. हलकी गोळी तिथंच फुटेल, आणि चिडलेलं, जखमी जनावर क्वार्टर्समध्ये घुसेल. जड गोळी सावकाश उमलते, काळजापर्यंत पोचते आणि बहुधा आतच थांबते. "आणि त्याला तडफडवायचं नाही, साहेब. त्याला कुठं ठाऊक आपली हद्द?"

सकाळी आम्ही बस थांबवली, सगळ्यांना घरात राहायला सांगितलं. डुक्कर आलं. पण त्याच्या मागे क्वार्टर्सच्या खिडक्या होत्या. गावडेंनी ट्रिगरवरचं बोट काढलं.

"मार ना, यार!" कर्नलसाहेब कुजबुजले.

"मागे घर है, सर."

ते पोटावर सरपटत डावीकडे गेले. डुकराच्या पाठीमागे मातीचा बांध येईपर्यंत थांबले. मग एकच गोळी. डुक्कर जागच्या जागी बसलं, पुन्हा उठलं नाही.

कर्नलसाहेबांनी मोबाइल काढला. "पाँव रखो इसपे. एक फोटो."

"माफी, सर. फोटो नहीं."

गावडेंनी त्याच्यावर पोतं पांघरलं आणि वनखात्याची गाडी येईपर्यंत शेजारी उभे राहिले. शिकारीचे फोटो मिरवणाऱ्यांनी तो माणूस पाहायला हवा होता. हातात बंदूक आहे म्हणून मर्द ठरणाऱ्यांची मला चीड आहे. बंदूक हातात असून थांबतो, त्याला मी सैनिक म्हणतो.

पुढच्या हिवाळ्यात पलटण उत्तरेकडे गेली. एका सर्च ऑपरेशनमध्ये गावडे पुढच्या पोझिशनवर होते. रेडिओवर मी होतो.

"टार्गेट दिसतंय. ओव्हर."

"फायर ॲट विल. ओव्हर."

थोडी खरखर. मग त्यांचा तोच संथ आवाज.

"नेगेटिव्ह. मागे घर आहे, आत माणसं दिसतात. बाजू बदलतोय. आऊट."

बाजू बदलताना त्यांना गोळी लागली. त्या घरात एक म्हातारी आणि तिच्या दोन नाती होत्या. तिघी वाचल्या; गावडे गेले.

आता मी नोएडात नोकरी करतो, मयूर विहारला राहतो. बैठकीच्या भिंतीवर रेंजवरचं शंभर ग्रेनचं ते कागदी टार्गेट फ्रेम करून लावलं आहे. पाहुणे छिद्रं बघून हसतात. "काय कॅप्टन, नेम एवढा विस्कटलेला?"

मी त्यांना बसवतो, चहा देतो, आणि हवालदार गावडेंचं नाव सांगतो.