काचघरातलं वाकडं तळं

आमच्या परसातल्या काचघरात मासे बघायला आलेला माणूस हटकून एक गोष्ट विचारतो : तळ्याच्या वर भिंतीवर ही तांबडी रेघ कशाची? बायको एकदा माझ्याकडे बघते आणि चहा टाकायला आत जाते. मग मला सांगावंच लागतं. आजवर तोंडी सांगत आलो, आता लिहून ठेवतो.

चिंचवडला आम्ही घर बांधलं तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बायको कोकणातली. माहेराहून तिने पानवेल आणली, तऱ्हेतऱ्हेचे नेचे आणले, आणि चैत्र लागला की ते सगळं तिच्या डोळ्यांदेखत करपायचं. कुंड्या उचलून सावलीत ठेवताना ती झाडांची समजूत घालायची, "थांबा जरा, पाऊस येईल हं." मला ते ऐकवेना. आमच्या कंपनीत परदेशी मशिनं यायची, त्यांच्या खोक्यांच्या फळ्या कामगारांना मिळत. त्या फळ्या आणि जुन्या खिडक्यांच्या काचा घेऊन मी घराच्या मागच्या भिंतीला टेकवून एक काचघर उभं केलं. शेजारी एक मोटार मेकॅनिक राहायचा, मोठा गमत्या माणूस. मी त्याला भाई म्हणायचो. बिजागऱ्या त्याने बसवून दिल्या आणि दार उघडझाप करून म्हणाला, "भाभी, आता आत राहायला जा. या रावांना घर राहू दे."

पण नुसत्या काचेने काय होणार? आत हवा कोरडी ती कोरडीच, वर उकाडा. म्हणून तळं. दहा फूट लांब, चार फूट रुंद, वीतभर पाणी. पाण्याने हवेत ओल राहील, आणि पाण्यात डास होऊ नयेत म्हणून मासे. मासे हा माझ्या मनातला खरा लोभ होता, पण तो मी डासांच्या आड लपवला. ही या हकिगतीतली सगळ्यात लहान लबाडी.

तळं बांधायला कासारवाडीचे एक वयस्कर गवंडी आले. मूळचे मावळातले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. आमच्या आळीतली निम्मी कुंपणं त्यांच्या हातची. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकची एक लांब, आरपार दिसणारी नळी काढली.

"साहेब, नळीत पाणी भरून सपाटी बघू का? दोन्ही टोकांचं पाणी येका पातळीत ऱ्हातं. पाणी लबाडी करीत न्हाई."

मी हसलो. आता ते हसू आठवलं की कान गरम होतात. मी कंपनीत इन्स्पेक्शनला होतो. दुसऱ्यांनी केलेली वस्तू मोजायची आणि चूक निघाली की तिला लाल चिठ्ठी लावायची, हे माझं काम. दिवसभर हेच केलं की माणसाला वाटायला लागतं, चूक ही नेहमी समोरच्याची असते.

"मिस्त्री, नळी राहू द्या," मी म्हणालो. "माझ्याकडे कंपनीची लेव्हल आहे. केसाएवढा फरक दाखवते."

लेव्हल म्हणजे लोखंडी पट्टी आणि तिच्या मधोमध काचेत हलणारा बुडबुडा. बुडबुडा मध्यावर आला की काम सपाट. आता कबुली. ती लेव्हल एकदा टेबलावरून फरशीवर पडली होती. आतली काच बसल्या जागेवरून सरकली होती, आणि तिला लाल चिठ्ठी मीच लावली होती : वापरू नये, खाली माझी सही. पुढे ती भंगारात निघाली तेव्हा मी रीतसर मागून घेतली आणि घरी आल्यावर चिठ्ठी सोलून काढली. मायक्रॉनच्या कामाला ती नालायक असेल, माशांच्या तळ्याला काय करायचंय, असा माझा हिशेब.

मिस्त्रींनी लेव्हल हातात घेतली, बुडबुड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुमचं घर, तुमची पट्टी," म्हणाले आणि कामाला लागले. तळ, भिंती, काठ, सगळं त्या पट्टीबरहुकूम. गिलावा असा गुळगुळीत की बायकोने गाल लावून बघितला.

पाणी भरायच्या दिवशी तिने नारळ फोडला. भाई सहकुटुंब आला होता. नळाची धार सोडली, पाणी चढत गेलं, आणि पूर्वेच्या काठावरून भळाभळा वाहायला लागलं. पश्चिमेच्या टोकाला मात्र भिंत चांगली चार बोटं कोरडी.

"अरे राव!" भाई ओरडला. "तळं आहे का घाटातली गाडी? हँडब्रेक लावा कोणीतरी!"

सगळे हसले. मिस्त्रीसुद्धा हसले. मीही हसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी इन्स्पेक्टर.

"मिस्त्री," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "जन्मभर थापी मारून तुम्हाला साधा काठ सपाट करता येत नाही?"

त्यांचं हसू तिथेच थांबलं. "साहेब, तुमच्या पट्टीनं केलंय."

"ती कंपनीची आहे. ती चुकत नाही."

त्या क्षणी मला लाल चिठ्ठी आठवली. खरं सांगतो, अक्षरं आणि सहीसकट आठवली. मी ती गिळली. मिस्त्रींनी तळ्याच्या पाण्यात हात धुतले, पंच्याला पुसले, थापी आणि ओळंबा पिशवीत टाकला आणि बायकोला तेवढं "येतो ताई" म्हणून निघून गेले. नळी खिळ्यावर अडकवलेली राहिली.

एवढ्यावर भागलं असतं तर भांडण म्हणून सोडून दिलं असतं. त्याच संध्याकाळी भाईने कुंपणावरून विचारलं, "माझ्या गॅरेजमागे पाण्याचा मोठा हौद बांधायचाय. मिस्त्रीलाच सांगणार होतो. तुम्ही रोज मोजमापातली माणसं. काय म्हणता, देऊ त्याला?"

मी म्हणालो, "बघा बुवा. हात पूर्वीसारखा राहिला नाही त्यांचा."

इतकंच. पुढच्या महिनाभरात आळीतल्या आणखी दोघांनी मला तेच वाक्य ऐकवलं, जणू त्यांनाच ते सुचलं होतं. "मिस्त्रीचा हात पूर्वीसारखा राहिला नाही हो." मी मान हलवली.

तळं मात्र बहरलं. सिमेंटचा कडूपणा जावा म्हणून बायकोने तीनदा पाणी बदलायला लावलं. मग हिवताप खात्याच्या लोकांकडून बरणीभर गप्पी मासे आणले, पुण्याहून दोन सोनेरी मासे. पानवेल काचेपर्यंत चढली. नेच्यांना हिरवी वेटोळी फुटली. पश्चिमेच्या उथळ टोकाला बायकोने अळू लावलं, आणि तिथेच गप्पींची पिल्लं जमायला लागली, कारण मोठे मासे त्या उथळात घुसत नसत. ती स्टूल टाकून तासन्‌तास बघत बसायची. "माहेर मागल्या दारी आलं बघा," म्हणायची. मला आनंद व्हायचा. आणि वर बघितलं की खिळ्यावर नळी.

एका रविवारी तळाचा गाळ उपसायला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून मी तीच नळी काढली. गाळ काढून झाल्यावर तिच्यात स्वच्छ पाणी भरलं आणि सहज तिची दोन टोकं भिंतीला धरली. पाणी हललं, डुलत राहिलं, थांबलं. दोन्ही ठिकाणी खूण केली, दोन्ही खुणांवर खिळे ठोकले, त्यांच्यावर सरळ फळी ठेवली आणि वर कंपनीची लेव्हल. बुडबुडा एका बाजूला पळाला. लेव्हल उलट फिरवून ठेवली, बुडबुडा दुसऱ्या बाजूला पळाला. फळी हलली नव्हती, म्हणजे खोट पट्टीतच. ही तपासणी मी रोज करायचो, घरी एकदाही केली नव्हती.

"अहो, त्या पट्टीला काय प्रदक्षिणा घालताय?" बायको दारात उभी होती.

मी तळ्याकडे बघतच तिला सगळं सांगितलं. चिठ्ठी, सही, भाईला बोललेलं वाक्य.

"मग हे माशांना काय सांगताय?" ती म्हणाली. "त्यांना उतार आवडतो. सायकल काढा आणि कासारवाडीला जा."

मिस्त्री ओट्यावर बसून जुन्या थापीला नवी मूठ बसवत होते. मी पिशवीतून लेव्हल काढून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवली, फिरवून दाखवली, चिठ्ठीचं सांगितलं. बोलताना माझा आवाज शाळेत छडी खाताना व्हायचा तसा झाला होता.

त्यांनी थापीवरून नजर काढली नाही. "मला ठावं हुतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो की. नळी लावू का म्हणलो. तुमी म्हणलात कंपनीची हाय, चुकत न्हाई. आता कंपनीफुडं आमी काय बोलावं?" मग त्यांनी वर बघितलं. "तळ्याचं काय न्हाई, साहेब. मासं काय काठ मोजीत न्हाईत. पर गॅरेजचा हौद गेला. पाटलांच्या वाड्यातल्या सोप्याचं काम गेलं. जो त्यो म्हनतो, मिस्त्रीचा हात गेला. माज्या घरातलीबी परवा म्हनाली, आता बसा की घरी."

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"मला सांगून काय उपेग? मला ठावंच हाय. ज्येस्नी वाकडं सांगितलं, त्येस्नी जाऊन सरळ सांगा."

आतून चहा आला. तो बशीत ओतताना मी निम्मा ओट्यावर सांडला. ते बघून मिस्त्री त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "तुमचाबी हात ऱ्हायला न्हाई व्हय पैल्यासारखा?"

तिथून मी सरळ गॅरेजवर गेलो. भाई एका टेम्पोखाली आडवा होता, फक्त पाय दिसत होते. मी त्या पायांना सगळी हकिगत सांगितली. तोंडाला सांगण्यापेक्षा ते बरं पडलं. ऐकून तो सरपटत बाहेर आला, तोंडभर ग्रीस.

"म्हणजे इन्स्पेक्टरसाहेबच रिजेक्ट?" तो म्हणाला. "मागच्या वर्षी माझ्या फटफटीचं चाक वाकडं म्हणाला होतात, ते कुठल्या पट्टीने हो?" मग चेहरा जरा गंभीर झाला. "नशीब, सिमेंटचं सरकारी परमिट अजून आलेलं नाही. मी दुसऱ्याला शब्द दिलेला नाही. पण राव, म्हातारा रोज या रस्त्याने जायचा आणि मी मान वळवायचो. ते तुमच्यामुळे."

बाकीच्यांच्या घरी जाऊन सांगायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तळ्याला हसले होते त्याहून लोक जास्त हसले. मी ते ऐकून घेतलं.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री आले ते विटा मोजतच. "पूर्वेच्या अंगाला येक थर चढवतो, पाणी वर घेतो. सरळ हुईल."

"हात लावायचा नाही," बायको म्हणाली. "पाणी चढलं की मोठे मासे उथळात येतील. माझी पिल्लं कुठे जातील?"

मिस्त्रींनी वाकून त्या अळूच्या बुडाशी वळवळणारी पिल्लं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. पिशवीतून त्यांनी गेरू काढला, वाटीत कालवला, त्यात दोरा बुडवला. खिळ्यावरची नळी घेऊन भिंतीवर दोन खुणा केल्या. "धरा, साहेब." दोऱ्याचं एक टोक मी धरलं, एक त्यांनी. मधे चिमटीत ताणून सोडला. फटकन आवाज झाला आणि भिंतीवर तांबडी रेघ उठली, वाकड्या काठाच्या वर, अगदी सपाट.

"ही रेघ माजी," ते म्हणाले. "खालचा काठ तुमचा. कोनी इचारलं तर तसंच सांगायचं."

भाईचा हौद त्यांनीच बांधला. तो काठोकाठ भरतो आणि चारी बाजूंनी एकदम सांडतो. आता मिस्त्री काम करत नाहीत. कधीतरी चहाला येतात, आधी रेघ बघतात, मग मासे.

काचघरातल्या ओलीने ती रेघ पुसट होते. तशी झाली की मी गेरू कालवतो, बायको दोऱ्याचं दुसरं टोक धरते. नळी मिस्त्रींनी परत नेली नाही, खिळ्यावरच असते. दोन्ही टोकांतलं पाणी थांबेपर्यंत मी थांबतो. दोरा सोडला की गेरूचे चार थेंब तळ्यात पडतात, आणि खायला आलं समजून सगळे गप्पी मासे तिकडे धावतात.