लोटन आप्पांचा अर्ज आणि त्याच्या नऊ प्रती

नंदुरबारच्या तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली लोटन आप्पांचं टेबल आहे. टेबल म्हणजे शाळेतला मोडका बाक, त्यावर मराठी टंकलेखन यंत्र आणि बाजूला कार्बनचा गठ्ठा. आप्पा कोरीटचे. दहावी झाल्यावर टायपिंग शिकले आणि चौतीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत बसले. समोरचा माणूस अहिराणीत रडो, पावरीत ओरडो की गुजरातीत शिव्या देवो, आप्पांच्या यंत्रातून बाहेर पडायचं ते 'वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की'. डोंगरातल्या कित्येक पाड्यांचे वनपट्टे आप्पांच्या कागदावर मिळाले. यंत्राचा 'ळ' तुटलेला होता. तो ते नंतर पेनानं काढायचे आणि फार सुबक काढायचे.

आप्पांचं एक शास्त्र होतं, आणि त्यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. अर्ज कधीही एकट्या साहेबाला द्यायचा नाही. खाली 'प्रत माहितीसाठी रवाना' असं लिहायचं आणि जेवढी मोठी माणसं आठवतील तेवढ्यांना धाडायचा. जिल्हाधिकारी, आमदार, पडलेला आमदार, पेपरवाला, सगळ्यांना. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "एकले दिधा ते तो कागद बुडखाले दाबी ठेवस. नऊ जनसले दिधा ते परतेक जन बाकीना आठसले भ्यास."

ह्या शास्त्रानं चौतीस वर्षं त्यांना दगा दिला नव्हता. दिला तो पोटच्या पोराच्या वेळी.

भरत त्यांचा एकुलता एक. आयटीआयचा वेल्डर. विसरवाडीच्या चौफुलीवर, ट्रकवाल्यांच्या हॉटेलाच्या माडीवर एका एजंटाचं ऑफिस होतं, त्यानं बारा पोरं आफ्रिकेतल्या एका छोट्या देशात धाडली. अकरा डोंगरातली, हमालीला आणि लोखंड वाकवायला. बारावा भरत. तिथे विमानतळाच्या कडेला विमानं ठेवायची भलीमोठी शेड बांधायची होती. करार दोन वर्षांचा. दोन वर्षं संपली, वर आठ महिने गेले, तरी पोरं तिथेच. पासपोर्ट ठेकेदाराच्या कपाटात. सांभाळून ठेवतो, असं तो म्हणायचा. दुसऱ्याचं पोरगं कपाटात कोंडण्याला सांभाळणं म्हणतात हे आप्पांना नवीनच कळलं.

मग मार्चमध्ये भरतचा फोन आला.

"बा, उजवा डोयामा ठिनगी गई. कंपनीना डाक्टर नुसता थेंब देस. पुढे धुकं धुकं दिसस."

आप्पांनी फोन ठेवला. त्यांची बायको कोकिळाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. भाकर करपली तरी उलटायचं त्यांना सुचलं नाही. वेल्डरचा डोळा गेला म्हणजे हात असून थोटा, हे त्या घरात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. पोरगा लवकर परत यायला हवा होता. बाकी सगळं नंतर.

आता गंमत ऐका. तिथल्या आपल्या वकिलातीत एक बाई अधिकारी होत्या. परीक्षा देऊन, पंचवीस वर्षं देशोदेशी झिजून वर आलेल्या. भरतनं त्यांना फोन केला होता. त्या स्वतः गाडी घेऊन शेडवर गेल्या, ठेकेदाराला उभं केलं आणि पंधरा दिवसांत पासपोर्ट टेबलावर हवेत असं बजावून आल्या. राजदूतपदी त्यांचंच नाव लागणार असं तिथला शिपाईसुद्धा सांगायचा. आणि दहाव्या दिवशी त्यांची बदली झाली.

राजदूत म्हणून आले आपले नानासाहेब. आपले म्हणजे शेजारच्याच जिल्ह्याचे. लागोपाठ दोन निवडणुकांत पडलेले. पक्षात अशा माणसाचं लोणचं घालता येत नाही आणि फेकताही येत नाही. साखर कारखाना द्यावा तर तो आधीच बुडालेला, महामंडळ द्यावं तर तिथे दुसऱ्याचा जावई. मग दिला एक देश. तो देश नकाशावर कुठे आहे हे नानासाहेबांनी नेमणुकीनंतर विचारलं म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण नंदुरबारात फटाके वाजले. गांधी पुतळ्यापाशी फलक लागला, 'खान्देशचा वाघ सातासमुद्रापार'.

कोकिळाबाईंना पण बरं वाटलं. "आपलाच मानूस शे," त्या म्हणाल्या. "त्यासले सांगा ना."

आप्पांनी अर्ज लिहिला. आयुष्यातला सगळ्यात चांगला. दोन बोटं समास, पाच परिच्छेद, एका शब्दाची खाडाखोड नाही. एकट्या भरतसाठी नाही, बाराही जणांसाठी लिहिला, कारण एकट्याचा कागद हलका पडतो. डोंगरातून अकरा बाप बोलावून घेतले. त्यांत सुरुपसिंग पावरा होता, त्याचा दित्या त्या बारांत वयानं सगळ्यात लहान. बिचारा म्हसावदपर्यंत जीपला लटकून आणि पुढे एसटीनं आला, अंगठा उठवला, शाई धोतराला पुसली आणि म्हणाला, "आप्पा, तू लिखं म्हनजे व्हयनं." डोंगरातली माणसं कोणालाही अरेतुरेच करतात, कलेक्टरलासुद्धा. त्यात आदर कमी नसतो.

अंगठे झाल्यावर आप्पा शेजारच्या अभिनंदनच्या दुकानात गेले. अभिनंदनचे आजोबा मारवाडातून मिरचीच्या व्यापाराला आले, आणि आता नातू झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, रेल्वे तिकीट असलं सगळं चालवतो. त्यानं कागद स्कॅन केला आणि आप्पांनी प्रती सांगायला सुरुवात केली. एक राजदूत. दोन, परराष्ट्र खातं. तीन कलेक्टर, चार खासदार, पाच पडलेले खासदार, सहा मुंबईचा पेपर, सात त्या देशातला पेपर, आठ आपल्याकडची विमानं बनवणारी कंपनी, जिची ती शेड होती. आठच झाल्या. आप्पा अस्वस्थ झाले. नऊ झाल्याशिवाय त्यांना अर्ज अर्धवट वाटायचा.

अभिनंदन इंटरनेटवर शोधत म्हणाला, "आप्पा, तठे आखो एक कंपनी शे. परदेशी. तीबी त्या देशले विमानं इकी ऱ्हायनी. तिना मेल आयडी सापडना. टाकू का?"

"टाक," आप्पा म्हणाले. "माहितीसाठीच शे ना."

झालं. इथेच घात झाला, आणि तो आप्पांच्या शहाणपणानंच झाला. त्यांना कुठून ठाऊक असणार की तो देश वीस लहान विमानं घेणार होता, आणि आपली कंपनी आणि ती परदेशी कंपनी वर्षभर एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या? बाईंना हलवून नानासाहेबांना तिथे पाठवलं होतं तेच मुळी ह्या सौद्यासाठी. बाई नियम बोलायच्या, नानासाहेब मंत्र्यांच्या घरी जेवायचे. विमान कोणतं चांगलं उडतं हा प्रश्न शेवटून दुसरा होता. ही विद्या त्यांनी जिल्हा बँकेच्या निवडणुकीत घोटली होती, विमानांना ती पुरून उरली.

परदेशी कंपनीला आप्पांचा अर्ज म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आठवड्यात तिनं तो त्या देशातल्या पेपरात पहिल्या पानावर छापवून आणला. भाषांतरासकट, अकरा अंगठ्यांसकट. जे आपल्या बारा माणसांचे पासपोर्ट कोंडतात ते तुमच्या विमानांना सुटे भाग वेळेवर देतील का, असा मथळा. बारा पोरांची कणव त्या कंपनीला आली असं नव्हे. तिच्या स्वतःच्या शेडवर कोणाची पोरं राबत होती ते तिचं तिला ठाऊक. आणि नंतर भरतनं सांगितलं, छापून आलं त्या दिवसापासून ठेकेदारानं त्याचे थेंबही बंद केले.

नऊ जणांपैकी आठ एकमेकांना भ्याले नाहीत. कलेक्टर कचेरीनं अर्ज परराष्ट्र खात्याकडे, परराष्ट्र खात्यानं वकिलातीकडे 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' धाडला. दोन्ही खासदारांनी उत्तरच दिलं नाही. मुंबईच्या पेपरनं नंदुरबारचं नाव 'नंदूरबाग' छापलं. आप्पा रोज यंत्रापुढे बसायचे आणि लोकांच्या रेशनकार्डांवर ओरडायचे. एका म्हातारीला तर त्यांनी विनाकारण उठवून लावलं, मग तिच्यामागे स्टँडपर्यंत चालत गेले आणि तिचा अर्ज फुकट लिहून दिला. त्यांना स्वतःचा संताप कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी, दुपारी, शेडचा पत्रा तापून तडतडत असताना फोन वाजला.

"लोटन भाऊ, मी नानासाहेब बोली ऱ्हायनू. वयखं का?"

आप्पा उभे राहिले. फोनवर उभं राहून काय उपयोग, पण राहिले.

"काय करी बठनात भाऊ तुम्ही? तुम्हना कागदनी आठे आग लाई दिधी. सोमवारे निर्णय शे. आपला देशनी इज्जत शे. तुम्ही आपला मानूस, आनि परका कंपनीले कागद धाडतस?"

"माहितीसाठी धाडा व्हता साहेब," आप्पा म्हणाले. आपलंच वाक्य त्यांना खुळ्यासारखं वाटलं.

"व्हयनं ते व्हयनं. आते असं लिखी द्या, बारासनीबी काहीच तक्रार नही, गैरसमजमा अर्ज दिधा व्हता. तुम्हनी सही, सगळासना वतीनं. कागद आयना का दुसरा दिवस भरत विमानमा बठस. डोयाबद्दल मी आयकं. वाईट वाटनं."

"आनि बाकीना अकरा?"

"ते मी देखसू ना. मी काय परका शे का?"

आप्पांना पुढे विचारायचं होतं. कधी, कसं, लेखी देता का. चौतीस वर्षं लोकांना हेच तर शिकवलं होतं, की तोंडी शब्दाला कचेरीत कुत्रं विचारत नाही. पण भरतचा डोळा आडवा आला. ते 'बरं' म्हणाले.

कोकिळाबाईंना त्यांनी जेवताना सांगितलं. त्या बराच वेळ वरणात भाकर कुस्करत राहिल्या.

"अकरा घरं शेतस ती," त्या म्हणाल्या.

"माले म्हाईत शे."

"मंग?"

"मंग काय? डोया जाऊ देऊ का?"

त्यांनी कुस्करलेली भाकर तशीच बाजूला सारली. आई होत्या त्या. लिहू नका असं सांगायचं बळ त्यांच्यातही नव्हतं, आणि लिहा असं सांगायचंही नव्हतं.

आप्पांनी लिहिलं. 'सदर अर्ज गैरसमजातून व ऐकीव माहितीच्या आधारे करण्यात आला असून, आम्हां सर्व अर्जदारांची संबंधित कंपनी वा ठेकेदार यांजविरुद्ध कोणतीही तक्रार नाही, नव्हती.' 'नव्हती' हा शब्द नानासाहेबांच्या माणसानं मागाहून फोन करून वाढवायला लावला. आता तक्रार नाही एवढ्यावर भागत नव्हतं. आप्पांनी सही केली, शिक्का मारला.

शब्दाला मात्र नानासाहेब जागले. भरत तिसऱ्या दिवशी मुंबईला उतरला आणि चौथ्या दिवशी घरी आला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आणायला हवा होता, पण निम्मी नजर वाचेल. कोकिळाबाईंनी त्याला दोन्ही हातांनी चाचपलं, मीठमोहरी ओवाळली आणि मग आत जाऊन इतक्या मोठ्यानं रडल्या की शेजारणी धावत आल्या. आप्पा ओट्यावर बसून होते. आनंद झालाच होता. नाही कसा होणार? पण तो पुरता गिळता येत नव्हता.

कारण सोमवारी सौदा आपल्या कंपनीला मिळाला. नानासाहेबांचा विमानाच्या चाकापाशी उभा राहिलेला फोटो पेपरात आला. विमानं वीसची तीस झाली, म्हणून शेडही वाढवायची ठरली, आणि शेड वाढवायची तर माणसं लागणारच. अकरा पोरांचा करार ठेकेदारानं परस्पर वर्षभर लांबवला. आप्पांनी वकिलातीत फोन लावला. तिथल्या नव्या माणसानं अत्यंत नम्रपणे सांगितलं की त्या कामगारांची काहीच तक्रार नाही, तसं लेखी दफ्तरात आहे. आणि मग त्यानं आप्पांनाच आप्पांचं वाक्य वाचून दाखवलं. 'नाही, नव्हती.'

त्यानंतर नानासाहेबांनी आप्पांचा फोन उचलला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरुपसिंग आला. बाकासमोर उकिडवा बसला. घामानं डबडबलेला.

"भरत आयना, आयकं," तो म्हणाला. "बरं व्हयनं. डोया कसा शे?"

"शे बरा," आप्पा म्हणाले.

त्यांनी ठरवलं होतं, ह्या माणसाला खोटं सांगायचं नाही. म्हणून सगळं सांगितलं. फोन कोणाचा आला, आपण काय लिहिलं, कोणाकोणाच्या नावानं लिहिलं, आणि आता नवा अर्ज धाडला तरी तिकडून आपलंच पत्र कसं पुढे करतील ते. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला, जणू सुरुपसिंगनंच काही गुन्हा केला होता. सुरुपसिंग शांतपणे ऐकत होता. आता हा शिव्या देईल, आप्पांना वाटलं. देऊ दे. दोन थोबाडीत दिल्या तरी चालेल. त्यानं थोडं हलकं वाटलं असतं.

सुरुपसिंगनं शिव्या दिल्या नाहीत. तो पुढे सरकला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मंग असं कर आप्पा. जसं तू भरतसाठे लिखं ना, तसंच मन्हा दित्यासाठे लिख. तो साहेब सांगस ते लिख. मी अंगठा देस. एकला दित्याले काढ."

"आनि बाकीना दहा?" आप्पांच्या तोंडून निघून गेलं.

सुरुपसिंगनं त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही, दोघांनाही सारखंच ठाऊक असलेली गोष्ट हा माणूस उगाच का विचारतो आहे, तसं.