पेशंटसोबत सौंसरला

कॅम्पच्या फलकावर पुष्पाचा फोटो दोनदा लावलेला होता. एका फोटोखाली लिहिलं होतं 'स्वयंपाक', दुसऱ्याखाली 'प्रथमोपचार'. दोन्ही फोटो एकाच दिवशी काढलेले. एकात डोक्यावर पदर होता, एकात नव्हता, एवढाच फरक.

जमिनीत खोल भोकं पाडून मँगनीज कुठवर आहे ते शोधणाऱ्या एका कंपनीचा हा कॅम्प. सौंसरच्या वर, जंगलात. बावीस पुरुष, एक मशीन, एक जीप आणि पुष्पा. जीपनं सौंसर दीड तास.

त्याआधी अकरा वर्षं तिनं सौंसरच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवली होती. ते काम दुसऱ्या बचत गटाकडे गेलं. नवऱ्याची पाठ गेलेली, किराणा दुकानात तो आता फक्त तराजूपाशी बसायचा. घर पुष्पाच्या पगारावर चालायचं. म्हणून ती इथं आली. दोन माणसं ठेवण्यापेक्षा एकच बरं, असं कंपनीला वाटलं आणि तिला तीन दिवस छिंदवाड्याला शिकायला पाठवलं. तिथं ती सगळ्यांत हुशार निघाली. तिची पट्टी साडीच्या निऱ्यांसारखी बसायची. घरी येऊन तिनं नवऱ्याच्या धडधाकट हातालाही बांधून दाखवली. शाळेत कधी मिळालं नाही ते प्रमाणपत्र आता मिळालं, याचं तिला फार कौतुक होतं.

त्याच कागदानं तिला जागेवर बांधून ठेवलं. प्रथमोपचाराचं माणूस कॅम्पवर नसेल तर मशीन बंद, असा नियम होता. मशीन बंद झालं की पंकज सरांना नागपूरहून फोन यायचा. त्यामुळे सर सुट्टीचा अर्ज घ्यायचे, हसायचे आणि म्हणायचे, "बदली माणूस येऊ द्या, पुष्पाबाई. मग महिनाभर जा." बदली माणूस होळीपासून नुसता 'येऊन राहिला' होता, पोचला नव्हता.

मध्ये मशीनवरच्या सुखदेवला शिकायला पाठवून पाहिलं. पहिल्याच दिवशी पडद्यावर रक्त दिसलं आणि तो खुर्चीवरून खाली पडला. परत आला तो कपाळावर टेंगूळ घेऊन. ते टेंगूळही पुष्पानंच शेकलं.

कॅम्पबाहेर पडायची एकच वाट उरली. पेशंटला दवाखान्यात न्यायचं असेल तर तिनं सोबत जायचं.

आणि खाली सौंसरला तिची सोनाली नववा महिना घेऊन बसली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात आणलेली. घरात बाप तेवढा. तो बिचारा वरण-भात लावायचा, पण रात्री पोरीच्या कमरेत कळ आली की दाराबाहेरूनच विचारायचा, "पाणी पायजे का?"

सोमवारी विहीणबाईंचा, वच्छलाबाईंचा, पांढुर्ण्याहून फोन आला.

"जय भीम. सून माहेरी पाठवली म्हणजे मायजवळ पाठवली. माय कुठं हाय?"

"येऊन राहिली ना मी. सुट्टीचं पक्कं झालं की निघालीच."

"दोन महिने झाले, तुमी येऊनच राहिल्या. गुरुवारपर्यंत वाट पाहाते. नाही तर गाडी घेऊन येते अन् घेऊन जाते."

त्यानंतरचे तीन दिवस पुष्पानं जे मनात आणलं ते तिनं कुणाला कधी सांगितलं नाही. पोळी लाटता लाटता ती मशीनकडे कान लावून बसायची. कुणाचं तरी काही व्हावं. फार नाही. हात जाऊ नये, डोळा जाऊ नये. पण सौंसरला न्यावं लागेल एवढं व्हावं.

गुरुवारी नऊ वाजता सुखदेवला दोघांनी धरून आणलं. लोखंडी नळी सरकून डाव्या पायावर आली होती. तो आकाशाकडे बघत होता, रक्त दिसू नये म्हणून. पुष्पानं पाय धुतला. दोन बोटं लांब जखम, वरवरची. बोटं नीट हलत होती. पट्टी बांधली असती तर दुपारी तो कामावर गेला असता.

मागे पंकज सर उभे होते. "काय म्हणता?"

पुष्पानं कापूस दाबून धरला. "टाके लागतील," ती म्हणाली.

सुखदेवनं मान खाली करून तिच्याकडे पाहिलं. सगळ्या कॅम्पला सोनालीचा महिना माहीत होता. मग तो असा कण्हला, की जणू गुडघ्यापासून पायच गेला.

"माय वो! नाही सोसत, सर!"

"पाच वाजेपर्यंत परत या," सर म्हणाले. "तोवर मशीन बंद आहे."

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अडीच वाजले. डॉक्टरनं जखम पाहिली, पट्टी चिकटवली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. "एवढ्यासाठी एवढे दूर आले?" म्हणाला. ड्रायव्हरनं घराच्या गल्लीशी जीप लावली आणि सांगितलं, "अर्धा तास, मावशी."

दारात पांढुर्ण्याची गाडी उभीच होती. वच्छलाबाई खाटेवर बसल्या होत्या, सोनालीची पिशवी भरलेली. आईला पाहून सोनाली उठायला गेली आणि पोट धरून पुन्हा बसली.

"आली माय!" वच्छलाबाई म्हणाल्या. त्या बोलण्यात टोमणा होता आणि सुटकाही. "राहता का आता? राहत असाल तर मी आत्ता निघते. मले काय हौस हाय का? मह्या गुडघ्यानं मी पंधरा दिवस उठबस कशी करीन, ते मले मालूम. पण एकल्या बापाच्या भरवशावर नाही ठेवत मी तिले."

"थांब ना व आई," सोनाली म्हणाली.

सुखदेव न लंगडता सरळ चालत आत आला होता. "राहा बाई तुमी," तो म्हणाला. "मी सरले सांगतो, बाईची तबेत बिघडली म्हणून."

"अन् सर पट्टी सोडून पाहतील तवा?"

सुखदेवनं आपल्या पायाकडे पाहिलं.

पुष्पाला सगळं स्पष्ट दिसत होतं. ती राहिली तर मशीन उद्याही बंद. सरांना संशय येईल, ते टाके शोधतील, टाके नाहीत. तिची नोकरी जाईल ती जाईल, खोटं कण्हला म्हणून सुखदेवचीही जाईल. खोटं तिचं होतं. त्यानं फक्त साथ दिली होती.

"किती वेळ हाय तुमाले?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"पंधरा मिनिटं."

वच्छलाबाईंनी भरलेल्या पिशवीतून फणी काढली. मग म्हणाल्या, "मंग डोकं तरी विंचरून द्या तिचं. मह्या हातानं विंचरलं तर दुखते म्हणते."

पुष्पानं सोनालीला पुढ्यात बसवलं, तेल लावलं, वेणी घातली. घट्ट घातली, चार दिवस सुटू नये अशी. बोलताना ती पोरीशी बोलत नव्हती, विहिणीशी बोलत होती. "पाणी गेलं तर कळांची वाट नका पाहू, सरळ दवाखान्यात न्या. डाव्या कुशीवर निजवा. पाय सुजले, तोंड सुजलं, डोकं दुखलं, तर त्याच दिवशी दाखवा."

"आईकून राहिली मी," वच्छलाबाई म्हणाल्या.

सोनाली रडली नाही. गाडीत बसताना तिनं एवढंच विचारलं, "पेशंट असलं की येता येते ना तुले?" पुष्पानं गाडीचं दार लावलं.

जीप परतीच्या वाटेला लागली. डांबरी रस्ता संपला, धूळ सुरू झाली, दुरून तंबू दिसायला लागले. तेव्हा पुष्पा म्हणाली,

"सुखदेव, उतरताना लंगडजो."

तो लंगडला. घाईत उजव्या पायानं लंगडला. पुष्पानं त्याच्या दंडाला धरून त्याला डावीकडे कलवलं, जसं पेशंटला धरायला शिकवलं होतं तसं.

पंकज सर पुढे आले. "किती दिवस लागतील बरं व्हायला?"

"आठ-दहा दिवस," ती म्हणाली. "पट्टी रोज बदलावी लागते."

"मग झालं तर," सर म्हणाले. "आठ-दहा दिवस तुमचं इथून हलणं नाही."

"नाही," पुष्पा म्हणाली, आणि कणिक मळायला आत गेली.