ताजमहालावर रागावलेल्या मावशी

माझी लेक आज अंगणात कोंबड्यांमागं पळते ती आमच्या भंडाऱ्याजवळच्या कारधा गावातल्या घरमालकीण मावशींमुळं. हे आधी सांगून टाकते, बाकीचं मागून. आणि अख्ख्या भारतात ताजमहालाचं नाव काढताच जिच्या कपाळाची शीर उठते अशी एकच बाई असेल, तर तीही ह्याच मावशी.

आम्ही जतकडचे. नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो, म्हणजे रस्ता जाईल तिकडं आमचं बिऱ्हाड. माझी शाळा आठवीत सुटली, पुढं काही वर्षांनी लग्न झालं, आणि सहा महिन्यांचं पोट घेऊन मी वैनगंगेकाठी मावशींच्या मागच्या खोलीत उतरले. ओळखीचं कुणी नाही, बोलणं निम्मंच कळायचं. ट्रंकेतून पहिली काढली ती आहेरात आलेली वस्तू, काचेचा ताजमहाल. बटण दाबलं की आत लाल-निळा दिवा लागायचा. तो फळीवर मांडते तोच मावशी चहा घेऊन आल्या. त्यांनी फळीकडं पाहिलं, माझ्या पोटाकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "काहून वं पोरी, बाळंतपणात मेलेल्या बाईचं थडगं उशाशी कायले मांडलंस?"

पहिल्या भेटीत, पोटुशीला, असं कुणी बोलतं का? ताजमहाल म्हणजे प्रेमाची खूण, एवढंच मला ठाऊक. मावशी उंबऱ्यावर बसल्या आणि शेजारणीची हकीकत सांगावी तशी बेगमेची सांगू लागल्या. "चवदावं बाळंतपण होतं तिचं, चवदावं! बादशहा लढाईवर, अन् हे बिचारी पोट घेऊन त्याच्या मागं मागं. बऱ्हाणपुरात गेली. आधी तिथंच पुरलं, मंग उचलून आग्र्याले नेलं. अन् मंग बादशहाले संगमरवर सुचला! जितेपणी एक वर्स आराम नाई देल्ला, अन् मेल्यावर वीस वर्सं बांधत बसला." नवऱ्याच्या कामामागं पोट घेऊन हिंडणारी बाई! मी उठून तो दिवा बंद केला.

मावशी आग्र्याला एकदाच गेल्या होत्या. बस्तीतल्या बायांची बस बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करून येताना तिकडं वळली. सगळ्याजणी घुमटाचं टोक चिमटीत धरल्यासारखे फोटो काढण्यात दंग. तेवढ्यात गाईड चौदाव्या मुलाचं बोलला आणि मावशी त्या पांढऱ्याशुभ्र फरशीवर मटकन बसल्या. "उस वक्त बाई के पास कौन था?" त्यांनी विचारलं. गाईडनं घुमटाची उंची सांगितली. "उंची नोको सांगू बापू, सुईण सांग!" बस सुटायची वेळ झाली तरी त्या उठेनात. शेवटी दोघींनी काखेत हात घालून आणलं.

तेव्हापासून त्यांचं तोंड कुणी धरू शकलं नाही. एका लग्नात नवरानवरीच्या खुर्च्यांमागं थर्माकोलचा ताजमहाल उभा केला होता. मावशी फुलं टाकायला स्टेजवर चढल्या आणि भर माईकवर म्हणाल्या, "जवाईबापू, मागं पायलं का? ते बांधाची पाळी येऊ देऊ नोका!" नवरीच्या बापाला घाम फुटला. नवरीची आई मात्र पदरात तोंड घालून हसत होती.

मला आठवा सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गाडीची तिकिटं काढलेली. त्या दुपारी डोकं फुटेल असं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. आई फोनवर म्हणाली, गाडीत निजून ये, इकडं बघू. नवराही म्हणाला, उद्या निघायचंच आहे की. मावशींनी माझ्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. तशा त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"जवाई, तुमच्याजवळ संगमरवर हाये का?"

"काय म्हणता मावशी?"

"ताजमहाल बांधाची ऐपत हाये का, पुसून राहिली. नाई ना? मंग आटो आणा! आत्ताच्या आत्ता!"

नवरा अनवाणी धावला. वैनगंगेचा पूल ओलांडताना मावशींनी माझं डोकं मांडीवर घट्ट धरलं होतं आणि आटोवाल्याला बादशहासकट शिव्या घालत होत्या. भंडाऱ्याच्या दवाखान्यात रक्तदाब मोजताच धावपळ उडाली. लेक त्याच संध्याकाळी झाली, मूठभर. "गाडीत बसवली असती तर दोघी हाती लागल्या नसत्या," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि माझा नवरा, एवढा रोलर चालवणारा माणूस, भिंतीला टेकून रडला. मावशी तेव्हा व्हरांड्यात ताटकळलेल्या बापेमाणसांना गोळा करून बऱ्हाणपूर सांगत होत्या.

माहेरी जाणं राहिलंच. माहेर मावशींनीच केलं. डिंकाचे लाडू वळले, आणि पहिला लाडू माझ्या हातावर न ठेवता काचेच्या ताजमहालापुढं ठेवला! ज्याला थडगं म्हणून हिणवलं, त्याच्यापुढं लाडू?

"तिच्यावर माहा राग नाई वं," मावशी हळूच म्हणाल्या. "तिले चवदा खेपा कोणी लाडू देल्ले असन का, सांग बरं? अन् मी तिच्या दारात गेली, तं हात हलवत गेली. बाळंतिणीकडं कोणी हात हलवत जाते का?"

आता इथलं, शहापूरकडचं रस्त्याचं काम संपत आलंय. पुढचं बिऱ्हाड कुठं पडेल ते रस्त्यालाच माहीत. ट्रंकेत ताजमहाल मी लुगड्यात गुंडाळून ठेवलाय, फेकला नाही. मावशींचे गुडघे आता उंबरा ओलांडताना कुरकुरतात. पण मावशी, लेक अजून जरा मोठी झाली की मी तुम्हाला आग्र्याला नेणार. लाडू मी वळीन. आत खायचं नेऊ देत नाहीत म्हणतात. फाटकावरच्या शिपायाशी भांडायचं काम तुमचं, डबा पदराखाली सांभाळायचं माझं.