ज्ञानू वस्ताद आणि उडणारा पैलवान

माणूस म्हातारा झाला की त्याच्याकडे किस्से साठत जातात आणि ऐकणारे कमी होत जातात. पण परवा नातीने मला पुण्यात थिएटरात नेऊन एक सुपरहिरोचा पिक्चर दाखवला, आणि इतकी वर्षं आत दडपून ठेवलेलं सगळं भडाभडा वर आलं. मध्यंतरात मी तिला म्हणालो, "ह्या गड्याला दंड आहेत, पण मांड्या नाहीत. वस्तादांनी ह्याला दारातूनच परत पाठवला असता." ती म्हणाली, कोण वस्ताद? झालं! पिक्चर राहिला बाजूला.

लढाई संपल्यावर मी पलटणीतून सुटून गावी आलो. आसामात मी स्टोअरकीपर होतो. शेजारी अमेरिकन गोऱ्यांचा तळ होता. वाचून झालेली कॉमिक ते खुशाल फेकून द्यायचे आणि मी ती गोळा करायचो. घरी ट्रंक उघडली तेव्हा आईने एकेक पुस्तक उचलून खाली काही आहे का ते पाहिलं. खाली आणखी पुस्तकंच होती. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आमचं गाव कराडजवळ, मलकापूरच्या थोडं पुढे. गावात ज्ञानू वस्तादांची तालीम. त्यांचा एकुलता एक मुलगा यशवंता आणि मी बरोबरच भरती झालो होतो. तो बंदूक घेऊन बर्मात गेला आणि तिकडे बेपत्ता झाला. तेवढं एक सरकारी पत्र आलं, पुढे काही नाही. जपान्यांच्या कैदेत सापडलेली पोरं एकेक करून परत येत होती, त्यामुळे आशाही सुटत नव्हती. वस्तादांनी मला बर्माबद्दल एक शब्द विचारला नाही. कधी विचारतील, याची मला फार धास्ती वाटायची.

* * *

संध्याकाळी मेहनत झाली की तालमीतली पोरं माझ्याभोवती कोंडाळं करायची आणि मी कॉमिक मराठीत सांगायचो. सगळ्यांचा लाडका होता तो पिवळ्या कपड्यातला, तोंडावर काळं फडकं बांधणारा, उडणारा गडी. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला 'पिवळा' म्हणायचे.

पहिल्या दिवशी वस्ताद लांबून बघून गेले. दुसऱ्या दिवशी चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "लंगोट वरनं घातलाय ह्यानं."

मी म्हणालो, तिकडची तशी पद्धत असेल.

"पद्धत कसली रं? घाईत उटला आसंल."

मग त्यांनी पुस्तक पुढून मागून चाळलं. पिवळा कुठे जोर काढत नव्हता, बैठका मारत नव्हता, दूध पीत नव्हता. वस्तादांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाले की मेहनतीवाचून आलेली ताकद लग्नातल्या उसन्या कोटासारखी असते, कधीतरी परत द्यावी लागते.

आजही एखाद्या हिरोला कोळी चावून किंवा वीज अंगावर पडून ताकद आली की मला ते पटत नाही. दोष माझा नाही, तालमीचा आहे.

* * *

तोंडावरच्या फडक्यावरून तर मोठीच वादावादी झाली. पोरांना ते फार आवडायचं. कुणाला कळत नाही हा कोण, यातच खरी मजा आहे, असं त्यांचं म्हणणं.

वस्तादांना ती मजा दिसेना. त्यांची अडचण साधी होती. मैदानात कुस्ती जिंकली की पैलवानाला फेटा बांधतात, वाजतगाजत गावात नेतात, त्याच्या बापालाही नारळ देतात. "आनि ह्यो जिकल्यावर उडून जातोय," ते म्हणाले. "गावानं फेटा बांदायचा कुनाला?"

 

* * *

नामदेव मूळचा विट्याचा, आमच्या गावचा जावई. लाहोरला सोनं गाळायच्या दुकानात होता. सासरी आला की तालमीत डोकावायचा. पिवळ्याच्या छातीवर एक सोनेरी बिल्ला होता. तो सोन्याचा की पितळेचा, यावरून पोरांची जुंपली होती, म्हणून पुस्तक नामदेवरावांपुढे ठेवलं.

त्यांनी पान उजेडात धरलं, तिरकं केलं, डोळे बारीक केले आणि निकाल दिला, पितळ! मी म्हणालो, पाहुणं, हा छापील रंग आहे, ह्यावरून कसं कळलं?

"रंगावरनं न्हाई वो. सोनं आसतं तर बायकूनं त्याला ते घालून भाईर पडू दिलं आसतं का?"

* * *

हा पिवळा दिवसा घड्याळजी असायचा. डोळ्याला भिंग लावून गपचूप घड्याळं दुरुस्त करायचा आणि संकट आलं की मागच्या खोलीत जाऊन कपडे बदलायचा. हे मी सांगितलं आणि चूक केली, कारण कराडात बाजारपेठेत एक घड्याळजी होते. बारीक, चष्मेवाले, अतिशय भिडस्त गृहस्थ.

आमच्यात हणमा म्हणून एक पैलवान होता. अंगाने रेडा आणि मनाने पाच वर्षांचा. तो मंगळवारी कराडला गेला, घड्याळजींच्या दुकानात शिरला आणि काही न बोलता त्यांचा दंड दाबून पाहिला. ते घाबरून भिंतीला चिकटले. हणमा त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाला, "भिऊ नगासा. आमी कुनालाबी सांगनार न्हाई."

घड्याळजींना शेवटपर्यंत काही कळलं नाही. पण पुढे हणमा दर मंगळवारी त्यांच्या दुकानासमोरून जाताना लवून नमस्कार करायचा. दोन महिन्यांनी पाहावं तर ते घड्याळजी छाती काढून चालायला लागले होते!

* * *

त्या उन्हाळ्यात कराडला तंबूचा सिनेमा आला. स्टंटपट होता. बुरखेवाला हिरो, घोडा, चाबूक, सगळा मालमसाला. वस्तादांना आम्ही ओढूनच नेलं. जमिनीवर पुढे बसलो, ते नाक मुरडून मागे बसले.

खलनायकाने हिरोला मागून कवळा घातला आणि वस्ताद ताडकन उभे राहिले. "आरं, खाली बस! पट काड त्याचा!" सगळा तंबू मागे वळून बघायला लागला. योगायोग असा की पडद्यावरचा गडी खरंच खाली बसला, त्याने खलनायकाचा पाय ओढला आणि त्याला उताणा पाडला. पाठ भुईला टेकली!

आम्ही सगळ्यांनी फेटे उडवले, शिट्ट्या मारल्या आणि उठून गावाकडे चालू लागलो. कुस्ती झाली होती, आता बसायचं कशाला? वाटेत वस्तादही खूष होते. पोरगं ऐकतंय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाजारात कळलं की पिक्चर आणखी तासभर चालला होता. तो पडलेला गडी पुन्हा उठून लढला म्हणे. वस्ताद भयंकर चिडले. "पाठ लागल्यावर परत उटला? मग पंच काय करत व्हतं?"

नातीच्या त्या पिक्चरमध्ये खलनायक चार वेळा उताणा पडला. दर वेळी मी खुर्चीतून उठायला लागायचो आणि ती मला हात धरून खाली बसवायची.

* * *

एक पुस्तक मात्र मी तालमीत कधी वाचलं नव्हतं. त्यात पिवळा रानात उतरतो आणि पुरात अडकलेल्या शिपायांना वाचवतो. ते पुस्तक मी ट्रंकेच्या तळाशी ठेवलं होतं. हणमाने ते कधीतरी माझ्या घरी पाहिलं आणि वस्तादांना सांगितलं असावं.

एका दुपारी तालमीत कुणी नसताना वस्तादांनी मला निरोप धाडला, ते रानातलं पुस्तक घेऊन ये. मी गेलो. ते कुस्तीच्या हौद्यातली लाल माती खणून सारखी करत होते. खोरं टेकवून त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि माझ्याशेजारी येऊन बसले.

"बर्मा हेच व्हय रं?"

कुठलं रान होतं देव जाणे. चित्रकाराने नारळाची झाडंही काढली होती आणि वाघही. मी म्हणालो, "व्हय, वस्ताद."

त्यांनी एकेक पान मला सावकाश उलटायला लावलं. लंगोटाबद्दल काही बोलले नाहीत, उडण्याबद्दल काही बोलले नाहीत. पिवळा दोन्ही खांद्यांवर शिपाई घेऊन पुरातून वर येत होता, परत खाली जात होता. शेवटच्या पानावर वाचवलेले सगळे शिपाई काठावर ओळीने उभे होते. वस्तादांनी खाली वाकून प्रत्येक तोंडावर बोट ठेवत ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग पुन्हा एकदा पाहिली.

मी पुस्तक मिटायला लागलो. त्यांनी माझा हात धरला.

"गोरी समदी भाईर काडली त्यानं," ते म्हणाले. "आता आपल्या पोरांसाटी परत कवा जातोय, ते वाच."