आकडेवालं कडं

कडं होतं त्या लेन्सले, भाऊ.
एक नाई, दोन होते. मी बोटानं फिरवून पाहिले होते. आता तरी मान.

नाई मानणार.
मानायले भाऊ राह्यलाच नाई.

सुधाकर, माझा मोठा भाऊ. सिंदेवाहीच्या बसस्टँडजवळ त्याचा फोटो स्टुडिओ. परवा गेला. मी दिल्लीले एसी फिटिंगच्या कामावर. त्याच घडीले गाडीत बसलो असतो तरी मातीले पोचलो नसतो. म्हणून गेलोच नाई. सायबर कॅफेत बसून एकेक अक्षर शोधून टाइप करून राह्यलो. चुकलं तर समजून घ्या, सातवीच्या पुढं आपली गाडी सरकली नाई.

आमचं भांडण लेन्सचं होतं.

भाऊचा कॅमेरा जुना, रोलवाला. नागपूरच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडून सेकंडहँड घेतलेला. फोकस स्वतःच करे. पण मोटर कॅमेऱ्याच्या पोटात. तिथून एक बारीक स्क्रू बाहेर निघे, तो लेन्सले फिरवे. फोकस बसला की आत हिरवा दिवा लागे. भाऊ त्या दिव्याचं लय कौतुक करे.

मग एका पावसाळ्यात लेन्सले आतून बुरशी लागली. भाऊनं तिले तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं, तांदूळ ओल ओढून घेईल म्हणून.
वहिनी म्हणे, "भातासंगं लेन्स शिजवून देऊ का आज?"
तरी बुरशी लागलीच.

मग मले फोन.
"दिल्लीले कॅमेऱ्याचा मोठा बाजार हाय म्हणतेत. एक लेन्स पाय. जुनीच घेजो, नवी नको. अन् कडं पाहून घेजो."
"कोणतं कडं?"
"कडं बे! लेन्सले असते ते. अन् ऑटोफोकसवालीच पाहिजे."
एसटीडीचा मीटर पळत होता. त्यानं ठेवला.

दुकानदारानं तीन लेन्स समोर मांडल्या.
एक लांबडी, ताडोब्यात वाघ काढायची. वाघ भाऊले पैसे देत नाई, ती सोडली.
एक जुनी, जड, घासलेली.
एक नवी, चकाचक, झूमवाली.
"ऑटोफोकस तो तीनों में है," दुकानदार म्हणाला. कडंही तिघींले होतं. मग भावासाठी घासलेली कायले घेऊ?

चकाचक घेतली. गावाकडं जाणाऱ्या एकाच्या हाती पाठवली. पोचली त्याच दिवशी फोन.

"फोकस नाई करून राह्यली."
"काऊन? ऑटोफोकस लिहून हाय तिच्यावर."
"हिची मोटर हिच्याच पोटात हाय. माह्या कॅमेऱ्याचा स्क्रू लागन कुठी? अन् कडं कुठी हाय?"
"दोन हाय ना!"
"एक झूमचं, एक फोकसचं. आकडेवालं कुठी हाय? उजेड कमीजास्त करायचं?"
"तू आकडे म्हटलंच नाई!"
"आकडे नसलेल्या कड्याले बांगडी म्हणतेत बे. तुह्या वहिनीले घालू का?"

मी हसलो. तो नाई हसला.

मी म्हटलं, "मग हातानं फिरव फोकस. लोक नाई का करत?"
मग म्हणे, "हातानं जमलं असतं तर तुले कायले म्हटलं असतं?"

मले वाटलं, ताव दाखवून राह्यला. मीबी तावात फोन ठेवला.

तीच लेन्स लावून त्यानं चिमूरचं एक लग्न केलं. सगळे फोटो काळे, धुरकट. नवरीचा बाप अल्बम घेऊन स्टुडिओत आला. म्हणे, "सुधाकर, हे पोरगी हाय का धुकं?" त्यानंतर लग्नं येणं बंद झालं.

मी रविवार-रविवार तोच बाजार फिरलो. जुनी भेटली एकदाची. जड, घासलेली, आकडेवालं कडं असलेली. मागं स्क्रूची खाच नखानं चाचपून पाहिली. ओव्हरटाइमचे सगळे पैसे गेले. भाऊले सांगितलं नाई. शंकरपटाच्या, बैलाईच्या शर्यतीच्या वेळी गावी जाणार होतो. बोलणार काहीच नव्हतो, नुसती त्याच्या हातात ठेवणार होतो.

परवा वहिनीचा फोन आला.
भाऊ नागभीडच्या रस्त्यानं सायकलवर येत होता. कडेले धानाची ट्रॉली उभी होती.

उभी.
चालती नाई.

मी म्हटलं, "वहिनी, एवढी मोठी ट्रॉली भाऊले दिसली नाई?"

"त्याईले दिसतच नव्हतं, भाऊजी. काचबिंदू होता. बाजूचं काहीच नाई, समोरचं धुरकट. डॉक्टर म्हणे, गेलेली नजर येत नाई. कोणाले सांगू नको म्हणत, धंदा बसन. लग्नात मी मागं उभी राहून सांगो, नवरी डाव्या हाताले हाय. हिरवा दिवा लागला का बटन दाबत."

हिरवा दिवा.

कडं सांगितलंस भाऊ. जुनी घेजो सांगितलंस. डोळे नाई सांगितलेस.
डोळे सांगितले असते तर त्या दुकानदाराच्या डोक्यावर बसून घेतली असती बरोबर लेन्स.
अन् आकडेबी नाई सांगितले. हे मी म्हणतच राहीन. तू नाई म्हणायले ये.

खाली कोणी आरआयपी लिहू नका. भाऊले ते समजलं नसतं. सिंदेवाहीचं कोणी हे वाचून राह्यलं असन तर घरापर्यंत जा, वहिनीचा फोन लागून नाई राह्यला. तिले एवढंच सांगा:

आकडेवाली लेन्स दुकानात परत केली. आता रोलचं कोण घेते म्हणून अर्धेच दिले त्यानं. मनीऑर्डर करून राह्यलो.

जाय भाऊ. सांभाळून जाय.

सतराशे रुपये, वहिनी.