गॅरी घरी नव्हता तेव्हा

आठवणी जपाव्या लागतात. किस्से मात्र आपसूक साठतात, स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या डब्यांसारखे. एक काढायला जावे, तर चार अंगावर येतात! दोन हजारच्या दशकात आम्ही चार वर्षे इंग्लंडच्या दक्षिणेला, लष्करी छावणीला लागून असलेल्या एका गावात राहिलो. माझा नवरा माधव तिथल्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ होता. शेजारच्या घरात गॅरी नावाचा सैनिक आणि त्याची बायको ट्रेसी. 'शेजार' हा शब्द मी तोवर अंतरवाचक समजत असे. तो नातेवाचक आहे, हे मला ट्रेसीने शिकवले.

*

त्यांना पहिल्यांदा जेवायला बोलावले, तेव्हा मी सांगितले, "सात वाजता या." आपल्याकडे सातचे निमंत्रण म्हणजे पाहुण्यांनी साडेसातला घरून निघणे. त्या हिशेबाने सातला पाच कमी असताना माधव अंघोळीला गेला आणि मी कणीक भिजवायला घेतली. खिडकीतून पाहते, तर दोघे समोरच्या फुटपाथवर घड्याळाकडे बघत उभे! सातच्या ठोक्याला घंटा वाजली. माझे हात कणकेत. दार उघडले ते टॉवेल गुंडाळलेल्या माधवने.

गॅरीने त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "ड्रेस कोड असा आहे, हे आधी सांगायचे ना!"

*

त्याच वर्षी शरद ऋतूत गॅरीची तुकडी सहा महिन्यांसाठी इराकला गेली. आमच्या ईशाच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडीलही गेले. एक दिवस ईशा शाळेतून आली ती तोंड पाडून.

"आई, बाबांनी काय केलं?"

"का गं?"

"मी मिसला सांगितलं, माझे बाबा रोज घरी येतात. तर सगळी मुलं म्हणाली, 'एव्हरी डे? त्यांना काढून टाकलंय का?'"

पुढच्या पालकसभेला माधव गेला, तो गळ्यातले रुग्णालयाचे ओळखपत्र न काढताच!

*

दिवाळीत माधव आणि त्याचा लंडनच्या हॅरो भागातला मित्र जोशी तिकडेच इल्फर्डला एका लग्नाला गेले होते. ते परतल्यावर मी दोघांच्या हाती फराळाचा डबा दिला आणि शेजारी पिटाळले. दोघांच्याही अंगात काळे सूट. सूट चढवला की मराठी पुरुषाच्या चेहऱ्यावर जे गांभीर्य येते, तेही होतेच. घंटा वाजवली. दार उघडेना. वरच्या खिडकीचा पडदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. त्यांनी पुन्हा वाजवली.

बऱ्याच वेळाने दार उघडले. ट्रेसी पांढरीफटक, एका हाताने भिंत धरलेली. माधव म्हणाला, "हॅपी दिवाळी!"

ती आधी रडली. मग तिने डबा हातात घेतला आणि त्याच डब्याने माधवच्या दंडावर दोन तडाखे हाणले. छावणीत ती एक बातमी फोनवरून देत नाहीत. गडद कपड्यांतली दोन माणसे दाराशी येतात, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

त्या दिवसापासून नियम झाला: घंटा वाजवायची नाही, दारातली पत्रांची फट उघडून ओरडायचे, "इट्स ओन्ली मी!" जानेवारीत सासूबाई पुण्याहून आल्या, तेव्हा त्याही कमरेत वाकून फटीतून हाक घालू लागल्या, "अगं ट्रेसी, मीच आहे गं!"

*

गॅरीला खाऊ पाठवायचा होता. सासूबाईंनी आपले मेतकूट दिले. तीन आठवड्यांनी ट्रेसीला त्याचे पत्र आले: "घरून डबाभर वाळू पाठवणारी तू पहिलीच बायको. इथे टंचाई नाही!"

ट्रेसीने उलट टपाली कृती कळवली: गरम भात, लोणी, वर ही पूड. पुढचे पत्र एका ओळीचे होते: "वाळू संपली. सगळ्या तंबूला हवी आहे."

शनिवारी माधव हॅरोला गेला. त्याने मागितलेली पाकिटे पाहून दुकानदार गुजरातीमिश्रित मराठीत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, घरी लग्न छे काय?"

"लग्न नाही हो," माधव म्हणाला, "पलटण आहे!"

*

गॅरीचे परतणे दोनदा लांबले. तिसऱ्यांदा 'शुक्रवारी चार वाजता, छावणीच्या जिममध्ये' असा निरोप आला, तेव्हा ट्रेसी एवढेच म्हणाली, "दारात दिसेल तेव्हा खरे."

शुक्रवारी दुपारी सासूबाई आणि मी तिच्याकडे होतो. ट्रेसी जुन्या चादरीवर लाल रंगाने 'वेलकम होम' लिहीत होती. 'होम' निम्मेच लिहून झाले होते, तोच बाहेर मिनीबस थांबली. विमान लवकर आले होते, म्हणून जिमऐवजी थेट घरीच सोडले होते. गॅरी फाटकातून आत येत होता, वाळलेला, काळवंडलेला. ट्रेसी ब्रश टाकून धावली. पण सासूबाई तिच्याआधी दारात पोचल्या आणि त्यांनी हात उंचावला.

"थांब!"

मराठीचा गंध नसलेला गॅरी जागच्या जागी थांबला. आज्ञा कुठल्याही भाषेत ओळखू येत असावी.

"भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय आत यायचं नाही," सासूबाई मला म्हणाल्या. "भाकरी नसेल तर पाव आण. कच्चा नको, शेकून घे."

मी टोस्टर लावला. उंबऱ्याच्या आत ट्रेसी, बाहेर गॅरी. मध्ये हातभर अंतर आणि सासूबाई.

"ट्रेस, हे काय चाललंय?" गॅरी म्हणाला.

"हलू नकोस! मी सात महिने थांबले. तू टोस्ट होईपर्यंत थांब!"

टोस्ट झाला. सासूबाईंनी तो गॅरीवरून तीनदा ओवाळला, तुकडे करून डावी-उजवीकडे लांब फेकले आणि त्याच्या डोळ्यांना पाण्याचे बोट लावले. गॅरीने मला विचारले, "हे कशासाठी?"

मी शब्द जुळवत सांगितले, "लांबून आलेल्या माणसाबरोबर वाटेतले जे काही आले असेल, ते उंबऱ्याबाहेरच राहावे म्हणून."

गॅरी आपल्या बुटांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "त्यांना सांगा, आणखी एकदा करा."

मी सासूबाईंना सांगितले. त्या आत वळल्या आणि टोस्टरमध्ये दुसरा पाव घातला.